कुपवाडचे व्याकरण आणि कृष्णाकाठचा भूगोल

१

भाषासंपर्काच्या अभ्यासात ज्या थोड्या खेड्यांची नावे जगभरच्या पाठ्यग्रंथांतून आढळतात, त्यांत सांगली जिल्ह्यातील कुपवाड हे एक होय. जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन ह्या अभ्यासकांचा कुपवाडविषयक निबंध डेल हाइम्झ ह्यांनी संपादिलेल्या ग्रंथात १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. जमैकातील मोना येथे १९६८ मध्ये भरलेल्या परिषदेतून तो ग्रंथ सिद्ध झाला होता. पिजिन व क्रिओल भाषा, म्हणजे भिन्नभाषी समाज एकत्र आले असता व्यवहारापुरती निर्माण होणारी संमिश्र भाषा आणि तिच्यातून पुढे घडणारी मातृभाषा, हा त्या ग्रंथाचा विषय. विश्रामबागेतून चार-पाच किलोमीटरांवर असलेल्या एका गावाला अशा ग्रंथात स्थान मिळाले, ह्याचे आपल्या विद्यार्थ्यांस कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. तथापि कौतुक हे परीक्षण नव्हे. गेली पन्नासांहून अधिक वर्षे हा निबंध आपल्याकडे शिकविला जात असता, त्यातील सिद्धान्ताची व्याप्ती नेमकी किती ह्याचा विचार मात्र पुरेसा झालेला दिसत नाही. तो करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे. कुपवाडमध्ये चार भाषा नांदत होत्या. जमीनधारक जैन शेतकरी व बहुतांशी कारागीर असलेले लिंगायत ह्यांच्या घरी कानडी. मुसलमान कुटुंबांत उर्दू. त्या काळी अस्पृश्य गणल्या गेलेल्या जाती व भूमिहीन मजूर ह्यांच्या घरी मराठी. आणि दोरखंडे वळण्याचा व्यवसाय करणाऱ्या थोड्या कुटुंबांत तेलुगू. विश्लेषण मुख्यतः पहिल्या तीन भाषांचे आहे. कित्येक शतकांच्या सहवासामुळे ह्या भाषांची स्थानिक रूपे वाक्यरचनेच्या दृष्टीने इतकी जवळ आली की, एका भाषेतील वाक्याचे रूपांतर दुसरीत शब्दाच्या जागी शब्द व प्रत्ययाच्या जागी प्रत्यय ठेवून करता यावे. भेद उरला तो प्रामुख्याने शब्दांचा व रूपांचा. घरातील भाषा ही जातिसमूहाची खूण असल्यामुळे शब्दसंग्रह टिकला. नित्य व्यवहार एकत्र असल्यामुळे वाक्याची घडण एक झाली. ही मीमांसा अत्यंत सुबक आहे, हे कोणीही मान्य करील.

२

ह्या निबंधाचे मोल समजण्यासाठी त्याच्या पूर्वीची स्थिती ध्यानी घेतली पाहिजे. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात मराठीस सातवा खंड (१९०५) मिळाला. कानडी व तेलुगू चौथ्या खंडात (१९०६) मुंडा भाषांच्या शेजारी गेल्या. दक्षिणेतील उर्दूचा, म्हणजे दख्खनीचा, विचार नवव्या खंडाच्या पहिल्या भागात (१९१६) पश्चिमी हिंदीबरोबर झाला. भाषांचे वर्गीकरण कुलांनुसार करावयाचे म्हटल्यावर हे अपरिहार्यच होते. परंतु त्यामुळे एका गल्लीत राहणारी, एकाच विहिरीचे वा शेताचे काम बोलणारी माणसे तीन वेगवेगळ्या खंडांत विखुरली गेली. गम्पर्झ-विल्सन ह्यांनी ती पुन्हा एकत्र आणली, हे त्यांचे ऋण मोठे आहे.

दुसऱ्या बाजूस, मरे एमेनो ह्यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचा विचार मांडला. भिन्न कुलांतील भाषा दीर्घ सहवासाने समान लक्षणे धारण करतात, आणि अशा लक्षणांचा प्रदेश कुलांच्या सीमा ओलांडून पसरतो, हे त्यातील मर्म. एमेनोंचे क्षेत्र हिमालयापासून सेतूपर्यंत; गम्पर्झ-विल्सन ह्यांचे क्षेत्र एका खेड्याच्या शिवेपुरते. ह्या दोहोंच्या मध्ये जी पायरी आहे, म्हणजे नदीचे खोरे, बाजारपेठेचा टापू, सोयरिकीचा पल्ला, ती दोघांच्याही विवेचनात रिकामी राहिली आहे. कुपवाडच्या निबंधावर प्रस्तुत लेखकाचा जो मुख्य आक्षेप आहे तो हाच: भाषिक घटना कोणत्या प्रदेशाची आहे हे निश्चित केल्यावाचून तिचे कारण सांगता येत नाही. निबंधकारांनी मात्र प्रदेश ठरविण्यापूर्वीच कारण सांगितले आणि ते गावाच्या आत शोधले.

३

प्रथम भाषिक पुराव्याकडे वळू. निबंधातील उदाहरणांत कुपवाडच्या उर्दूसंबंधी अनेक निरीक्षणे आहेत. भूतकाळी सकर्मक क्रियापदाच्या कर्त्यास लागणारा 'ने' तीत नाही आणि क्रियापद कर्त्याशी जुळते. उत्तरेकडील प्रमाण उर्दूच्या दृष्टीने हा मोठा फरक आहे. कानडीचे वळण ह्यामागे असावे, हा तर्कही ग्राह्य आहे. परंतु 'ने' चा हा लोप कुपवाडचा विशेष नव्हे. दख्खनी उर्दूच्या विस्तीर्ण प्रदेशात, हैदराबादेपासून विजापूर-म्हैसूरकडे, तो सर्वत्र आढळतो. जी गोष्ट शेकडो मैलांच्या टापूत घडली आहे, तिचे कारण एका खेड्यातील चार समाजांच्या विशिष्ट संबंधात कसे सापडावे? कुपवाडच्या मुसलमान कुटुंबांनी ही रचना गावातील जैन शेजाऱ्यांकडून घेतली, की ती आधीच घडलेली दख्खनी घेऊन ती कुटुंबे तेथे आली, ह्याचा निर्णय कुपवाडच्या सामग्रीवरून होणे शक्य नाही.

'आम्ही' व 'आपण' ह्या भेदाचेही असेच आहे. श्रोत्यास वगळून बोलावयाचे तर 'आम्ही जातो', त्यास सामील करून घ्यावयाचे तर 'आपण जाऊ', हा मराठीतील भेद कुपवाडच्या उर्दूत व कानडीत उतरल्याचे निबंधकार दाखवितात. कानडीपुरते हे निरीक्षण महत्त्वाचे आहे. उर्दूपुरते मात्र हे विसरता येत नाही की, मुंबईच्या बाजारी हिंदीतही 'अपन' ह्याच अर्थाने वावरतो, आणि गुजरातीतही हा भेद आहे. तेव्हा लक्षणाचा विस्तार आधी पाहिला पाहिजे, आणि मगच ते कोणी कोणाकडून घेतले हे ठरविले पाहिजे.

सगळीच उदाहरणे अशी निकालात निघतात असे नव्हे. कानडीत 'तुमचे घर कोणते' अशा वाक्यात संयोजक क्रियापद येत नाही; कुपवाडच्या कानडीत ते मराठी-उर्दूप्रमाणे येते. नदीला पूर आल्याचे सांगणाऱ्या उर्दू वाक्यात क्रियापद 'नदी' शब्दाच्या स्त्रीलिंगास अनुसरत नाही. मनुष्येतर वस्तूंना लिंगभेद न मानणाऱ्या कानडीच्या व्यवस्थेकडे ते झुकते. ही उदाहरणे मोलाची आहेत. पण त्यांचे मोल ठरविण्यासाठी अथणी, चिकोडी व जमखंडीकडील कानडी, तसेच मिरज शहरातील उर्दू, ह्यांशी ती ताडून पाहणे अगत्याचे होते. निबंधकारांची तुलना आहे ती प्रमाणभाषांशी. एका खेड्याची बोली एकीकडे आणि ग्रंथांतील प्रमाणभाषा दुसरीकडे ठेवली, तर मधल्या प्रत्येक बोलीतील भेद त्या खेड्याच्या खात्यावर जमा होतो. पद्धतीतील हा दोष किरकोळ नाही. निबंधाचा अर्धा परिणाम त्यावर उभा आहे.

४

आता माणसांकडे पाहू. गावातील जवळजवळ सर्व पुरुष द्विभाषिक वा बहुभाषिक आहेत, असे निबंधात नमूद आहे. स्त्रियांविषयी असे विधान नाही. घरातील भाषा टिकवून धरते कोण, असा प्रश्न जेथे सिद्धान्ताच्या केंद्रस्थानी आहे, तेथे ही उणीव डोळ्यांत भरते. मूल जी पहिली भाषा ऐकते ती आईच्या व आजीच्या तोंडून. आणि ती आई बहुधा त्या गावची नसते.

इरावती कर्वे ह्यांनी १९५३ मधील आपल्या भारतीय आप्तसंबंधविषयक ग्रंथात महाराष्ट्रास मध्यवर्ती पट्ट्यात घातले आहे. उत्तरेची व दक्षिणेची विवाहपद्धती जेथे एकमेकींत मिसळतात असा हा संक्रमणाचा पट्टा. मामाच्या मुलीशी लग्न ही दक्षिणेची चाल येथे अनेक जातींत रूढ आहे. तिचा भाषिक परिणाम असा की, एका घरात पिढ्यान्पिढ्या त्याच दोन-चार गावांतून सुना येतात आणि त्या गावांची बोली घरात पुनःपुन्हा रुजते. कृष्णाकाठच्या जैन शेतकरी कुटुंबांच्या सोयरिकी सांगली, कोल्हापूर व बेळगाव ह्या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या आहेत. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ मध्ये स्थापन झाली, तिचे कार्यक्षेत्रही ह्याच टापूचे आहे. म्हणजे कुपवाडची कानडी टिकली ती कुपवाडच्या गल्लीतील शिष्टाचारामुळे जितकी, तितकीच अथणी-चिकोडीकडून येणाऱ्या सुनांमुळे टिकली असणे संभवते. हा निष्कर्ष नाही, अनुमान आहे. परंतु ते तपासण्याजोगे आहे आणि निबंधाच्या चौकटीत त्याला जागाच नाही.

खेडे हे स्वयंपूर्ण व बंदिस्त जग आहे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अंमलदारांनी रूढ केली. समाजशास्त्राने ती केव्हाच टाकून दिली. कुपवाडच्या निबंधात ती उघडपणे मांडलेली नाही, हे खरे. पण पद्धतीच्या रूपाने ती शिल्लक राहिली आहे.

५

मराठीच्या स्थानाविषयीचे विवेचन हा तिसरा मुद्दा. भिन्न समाजांच्या परस्परव्यवहारात मराठी वापरली जाते, कारण गावातील प्रबळ गटांपैकी कोणाचीच ती घरची भाषा नसल्यामुळे ती तटस्थ ठरते, ह्यावर निबंधाचा भर आहे. गावाच्या शिवेच्या आत उभे राहून पाहिले तर हे पटण्याजोगे दिसते. शिवेबाहेर आले की चित्र बदलते.

कुपवाडचा हा मुलूख आदिलशाहीत मोडत असे. पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत (१५३४ ते १५५८) राज्याचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्याची पद्धत पडली. पुढे मराठेशाहीत व पटवर्धनांच्या अमलात दप्तर मोडीत चालले. सांगली संस्थानचे स्वरूप तर ह्या दृष्टीने फारच बोलके आहे. मिरजप्रांत, कुची, मंगळवेढे, तेरदाळ, शहापूर व शिरहट्टी अशा त्याच्या सहा तालुक्यांतील काही पूर्णतः कानडी मुलखात, तेही एकमेकांपासून तुटक पसरलेले. शिरहट्टीचा शेतकरी कानडी बोले, आणि त्याच्यावर राज्य करणारे घराणे मराठी होते. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले; त्यापूर्वी १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने दक्षिणेकडील कानडी तालुके म्हैसूर राज्यात गेले होते. निबंधकार कुपवाडला पोहोचले तेव्हा मराठी ही शाळेची, तलाठ्याच्या चावडीची, न्यायालयाची आणि सांगलीच्या हळदीच्या पेठेची भाषा होती. जी भाषा शासनाची व बाजाराची आहे, तिला तटस्थ म्हणताना तिच्यामागील बळ नजरेआड होते. ज्यांच्या घरी ती बोलली जात होती ते गावातील सर्वांत दुर्बल लोक होते, ही त्यातील विसंगती खरोखर विचार करण्याजोगी होती. भूमिहीन मजुराची घरभाषा आणि सरकारची भाषा एकच असूनही तिचा लाभ त्या मजुरास का मिळाला नाही, हा प्रश्न निबंधात विचारला गेला नाही.

कालाविषयीही असेच म्हणता येईल. शतकानुशतकांचा सहवास हा सिद्धान्ताचा आधार आहे. पण तो समाजांच्या आगमनाच्या इतिहासावरून काढलेला आहे, भाषिक लेखांवरून नव्हे. मिरज परिसरात शिलाहारकालीन कानडी शिलालेख आहेत, आणि पुढील काळाची मोडी कागदपत्रे विपुल आहेत. शिलालेखाची भाषा ही घरातील भाषा असतेच असे नाही, ही सावधगिरी ठेवूनही, वाक्यरचनेतील बदल केव्हा दिसू लागला ह्याचा माग ह्या सामग्रीतून काही अंशी लागू शकेल. हाइम्झ ह्यांच्या त्याच ग्रंथात फ्रँकलिन साउथवर्थ ह्यांनी मराठीचाच उगम अशा संमिश्र प्रक्रियेत शोधण्याचा प्रयत्न केला आहे. तो मान्य असो वा नसो, त्यातून एक गोष्ट निष्पन्न होते: मराठीच जर द्राविड संपर्कातून घडलेली असेल, तर कुपवाडच्या मराठीतील कानडी वळण कुपवाडात किती आले आणि मराठीबरोबर आधीच किती आलेले होते, हे वेगळे काढावे लागेल.

६

हे सारे केवळ भाषाशास्त्रज्ञांच्या आपसातील वादापुरते असते, तर एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. गावास एकक मानण्याचा प्रश्न आपल्या ह्या सीमाभागात अधिक गंभीर आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादात महाराष्ट्राची भूमिका खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या ह्या तत्त्वांवर आधारलेली राहिली. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये दिलेला अहवाल महाराष्ट्राने अमान्य केला, आणि २००४ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयात नेला. ह्या वादात कोणाची बाजू न्याय्य आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, दोन्ही राज्यांचे युक्तिवाद जनगणनेतील मातृभाषेच्या रकान्यावर उभे राहतात. त्याच जनगणनेत मातृभाषेव्यतिरिक्त येणाऱ्या अन्य भाषांचीही नोंद होते. ती मात्र कोणी पुढे आणीत नाही, कारण तिच्यामुळे नकाशावरील रेघ पुसट होते.

सांगली जिल्ह्याचा भूगोलही अशा रेघेस दाद देत नाही. पश्चिमेस शिराळ्याकडे सह्याद्रीचा भरपूर पाऊस. पूर्वेस आटपाडी व जत हे अवर्षणप्रवण तालुके. मध्ये कृष्णा, येरळा व वारणेच्या काठची काळी, दाट वस्तीची भूमी. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २८,२२,१४३ आणि घनता दर चौरस किलोमीटरला ३२९ होती. पण ही सरासरी ऊसपट्ट्यासही लागू नाही आणि जतच्या माळासही नाही. माणसे पाण्याच्या मागे जातात, आणि भाषा माणसांच्या मागे. २०२२ मध्ये कर्नाटकच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातील गावांवर हक्क सांगितला, तेव्हा पाण्याच्या टंचाईमुळे तेथील ग्रामपंचायतींनी पूर्वी केलेल्या ठरावांचाच आधार घेतला होता. वादास नाव भाषेचे होते; ठरावामागील कारण पाणी हे होते. म्हैसाळ योजनेचे पाणी ज्या गावास पोहोचते आणि ज्या गावास पोहोचत नाही, त्यांच्या बोलींचे भवितव्य एकच असेल असे समजणे धाडसाचे होईल.

७

कुपवाडही आता १९७१ चे कुपवाड राहिलेले नाही. तेथे औद्योगिक वसाहत झाली. १९९८ मध्ये सांगली, मिरज व कुपवाड मिळून महानगरपालिका झाली. २०११ मध्ये तिची लोकसंख्या ५,०२,७९३ होती. शेताच्या बांधावर एकत्र येणाऱ्या चार समाजांच्या जागी कारखान्याच्या पाळीत एकत्र येणारे, निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेले कामगार आहेत. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी ह्यांनी चाळीस वर्षांनंतरच्या कुपवाडचा अभ्यास करून शब्दशः भाषांतरक्षमतेच्या सिद्धान्ताचे चिकित्सक परीक्षण २०१६ मध्ये प्रसिद्ध केले आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी मूळ निबंधाबरोबर हा अभ्यास वाचणे अवश्य आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत कुपवाडविषयीची वाक्ये अद्यापि वर्तमानकाळात लिहिली जातात, ही गोष्ट अध्यापकांनीही मनावर घेतली पाहिजे.

तथापि एकाच गावी पुन्हा जाण्याने मधली पायरी भरून निघत नाही. त्यासाठी कृष्णेच्या प्रवाहाबरोबर एक पट्टा घ्यावा: भिलवडी, हरिपूर, म्हैसाळ आणि सीमेपलीकडील कागवाड, शेडबाळ, उगार. दुसरा पट्टा पश्चिम-पूर्व घ्यावा: शिराळ्यापासून मिरज, कवठे महांकाळ ह्या मार्गाने जतपर्यंत. प्रत्येक गावी निबंधातील तीच वाक्ये, त्याच तीन भाषांत, पुरुषांकडून व स्त्रियांकडून, वृद्धांकडून व शाळकरी मुलांकडून मिळवावी. आणि प्रत्येक बोलणाऱ्याच्या नोंदीत जातीबरोबर आईचे माहेर, शेताचे पाणी व कामाचे ठिकाण लिहावे. संयोजक क्रियापद कोणत्या गावी सुरू होते व कोणत्या गावी संपते, लिंगव्यवस्थेचे वळण नदीबरोबर जाते की सोयरिकीबरोबर, हे अशा दोन पट्ट्यांवरून बरेचसे स्पष्ट होईल. ह्या कामास परदेशी वृत्तीची वा मोठ्या उपकरणांची आवश्यकता नाही, एस. टी.चे भाडे, ध्वनिमुद्रणयंत्र आणि मराठी, कानडी व दख्खनी जाणणारे तीन विद्यार्थी पुरेत. त्वरा मात्र हवी. निबंधाच्या काळी जी मुले होती ती आज साठी ओलांडून गेली आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांची बोली ऐकलेली ती शेवटची पिढी आहे.

गम्पर्झ-विल्सन ह्यांच्या निबंधाचे स्थान ह्या चिकित्सेने कमी होत नाही. तीन खंडांत विखुरलेल्या शेजाऱ्यांना त्यांनी एका वाक्यात बसविले, आणि त्यांनी टिपलेली वाक्ये ह्यापुढील प्रत्येक तुलनेचा आधार राहतील. परंतु आधार म्हणजे निर्णय नव्हे. कुपवाडात जे दिसले ते कुपवाडचे किती, कृष्णाकाठचे किती आणि सबंध दख्खनचे किती, ही वाटणी अजून व्हावयाची आहे. ती होईपर्यंत ह्या निबंधाचा उल्लेख सिद्ध नियम म्हणून न करता एका काळच्या एका गावाची काळजीपूर्वक नोंद म्हणूनच करावा, हे उचित होय.

विश्रामबाग, सांगली